पिवळ्या कार्डाची पंगत

माझ्या हाताला चव आहे, हे मला पहिल्यांदा ज्याने सांगितलं तो पत्त्यांचा क्लब चालवायचा. त्याआधी सासरी मी कितीतरी वर्षं रांधलं, पण कोणी चांगलं म्हटलं नाही. आमच्या घरी जेवण बिघडलं तरच बोलायची रीत होती.

या दिवाळी अंकासाठी लेख मागायला जे मास्तर आले, त्यांना वाटत होतं मी माझ्या खानावळीवर लिहावं. खानावळ मी पुढे पुष्कळ वर्षं चालवली, पण तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. लोक आले, जेवले, पैसे देऊन गेले. मी चौथी शिकलेली बाई. माझ्याजवळ शब्द थोडे, ते खानावळीवर घालवायचे नाहीत. क्लबावर लिहिते. मुलाला हे आवडलं नाही. लोक काय म्हणतील म्हणाला. लोक काय म्हणायचं ते कधीच म्हणून मोकळे झाले. चिखलीतली जुनी माणसं मला अजून क्लबवाली सरूबाईच म्हणतात.

नवीन राज्य झालं, त्याच्या पुढची ही दोन-चार वर्षं. माझा नवरा वारला होता आणि दिरांनी मला वेगळं काढलं होतं. कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत बन्सीसेठचा क्लब होता. पाटीवर ‘करमणूक मंडळ’ असं लिहिलेलं. पुढच्या दोन खोल्यांत पत्ते, मागे अंगण आणि अंगणात माझी चूल. मी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायची तो आईच्या पद्धतीने, मसाल्यात भाजलेलं जवस वाटून. आमच्याकडे जवसाची चटणी सगळेच करतात, रश्श्यात कोणी टाकत नाही. बन्सीसेठने पहिल्या दिवशी पोळी मोडून रश्श्यात बुडवली, खाल्ली आणि म्हणाला, “सरूबाई, तुह्या हाताले चव हाय. आता हे मानसं घरी नाही जात.”

मला ते कौतुक वाटलं. तो धंद्याचं बोलत होता.

ज्यांनी क्लब पाहिला नाही त्यांच्यासाठी तो धंदा कसा चालतो ते सांगते. क्लबाचा मालक स्वतः खेळत नाही. टेबलावर कोण जिंकतो, कोण हरतो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. प्रत्येक डावातून तो आपला वाटा काढून घेतो, त्याला नाल म्हणतात. डाव जितके जास्त, तितकी नाल जास्त. म्हणून मालकाला एकच काळजी असते, माणूस खुर्चीवरून उठू नये. माणूस उठतो कशासाठी? चहाची तलफ आली, भूक लागली, झोप आली, घरची आठवण आली. पहिल्या तीन गोष्टींचा बंदोबस्त बन्सीसेठने केला होता. चौथीचा कसा केला, ते पुढे येईल.

त्याने कार्डं काढली होती. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या क्लबात त्याने तसं पाहिलं होतं. जाड पुठ्ठ्याचं, हातात मावेल एवढं कार्ड. एसटीच्या कंडक्टरकडे तिकिटाला भोक पाडायचा चिमटा असतो, तसला एक चिमटा त्याने मिळवला होता. त्याचं भोक विड्याच्या पानाच्या आकाराचं पडायचं. ठरावीक डाव खेळले की हमीदभाई, तो टेबलावर पत्ते पिसायला असायचा, कार्डाला एक भोक पाडून द्यायचा. पांढरं कार्ड भरलं की चहा आणि भजी. पांढऱ्यावाल्याला पुढे पिवळं मिळायचं, ते भरलं की जेवण. आणि जो मोठ्या टेबलावर बसतो त्याला लाल. लाल कार्डवाल्याला आतल्या खोलीत गादीची खुर्ची, ताटात तूप, निजायला खाट आणि सकाळी स्टँडवर सोडायला टांगा.

हे सगळं फुकट, असं लोक म्हणायचे. भोकं जिंकणाऱ्याला मिळत नव्हती, बसणाऱ्याला मिळत होती, आणि बसणारा हरतोच. चाळीस रुपये हरलेला माणूस बारा आण्याचं जेवण जेवून मिशीवर हात फिरवायचा आणि म्हणायचा, “आज सेठचं खाऊन आलो.” लाल कार्डवाले तर कार्ड सदऱ्याच्या वरच्या खिशात अर्धं बाहेर दिसेल असं ठेवायचे. सरपंच बिल्ला लावत नसेल एवढ्या मानाने.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक पेन्शनवाले होते, त्यांना आम्ही ‘टाकूनदादा’ म्हणायचो. सगळ्यांत खालच्या टेबलावर बसायचे, पत्ते उचलायचे, बघितल्यासारखं करायचे आणि लगेच टाकून द्यायचे. थोडंसं हरायचे, भोक पाडून घ्यायचे. कार्ड भरलं की जेवायचे आणि छत्री घेऊन चालू पडायचे. जेवणापेक्षा हरणं स्वस्त पडावं असा त्यांचा हिशोब होता आणि तो बरोबर होता. मी सेठला म्हटलं, हा माणूस तुम्हाला फसवतो. तो म्हणाला, “खाऊ दे. रिकामी खुर्ची वाईट दिसते.”

दुसरा एक सायकलवाला होता. त्याने चांभाराच्या हत्याराने घरीच भोकं पाडून आणली. कार्ड माझ्या हातात आलं. मी पाहिलं तर भोकं गोल! मी चार लोकांत त्याला धरलं, त्याची फजिती केली. मला फार अभिमान वाटला. बन्सीसेठ बाहेर आला, त्याने कार्ड पाहिलं, हसला आणि म्हणाला, “सरूबाई, याले आधी जेऊ घाल. बाप्पा, एवढं डोकं चालवते हा मानूस, याले दारातून कसं जाऊ द्यावं?” सायकलवाला खजील होऊन जेवला आणि उपकार फेडायला दुसऱ्या दिवशी बसला. पुढे तो पायी फिरायचा.

त्या वेळी माझं मत असं झालं होतं की या क्लबाला जो लुटेल तो पुण्यच करतो. चोराच्या घरी चोरी, तिला पाप कोण म्हणतं? मी स्वतः पैसा कधी उचलला नाही. पण कार्डावर नाव नसायचं. कार्ड ज्याच्या हातात, जेवण त्याचं. हे आधी माझ्या ध्यानात आलं, मग बायकांच्या.

पहिली आली ती रुख्मा. तिचा नवरा दिगांबर शिवणकाम करायचा. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं, दुकान म्हणजे एक ओटा आणि त्यावर पायाची मशीन. हात चांगला होता त्याचा. बाजाराच्या दिवशी हातात पैसा पडला की क्लबात यायचा. एके दिवशी दुपारी अंगणाचं मागचं दार वाजलं. रुख्मा उभी होती, मागे तिची मंदा. पदरातून तिने पिवळं कार्ड काढलं.

“त्याईच्या खिशात सापडलं,” ती म्हणाली. “याच्यावर जेवन भेटते म्हनतात. खरं हाय का व?”

“भेटते. पण इथं बसून खावं लागते.”

“मंग बसतो न. पैसा त्याईनं घातला, आमी खातो. कोनाच्या बापाचं हाय?”

मी हसले. दोघींना वाढलं. त्या पोटभर जेवल्या. रुख्माने बोटं चाटली आणि विचारलं, “याच्यात जवस हाय का व?” एवढ्या पुरुषांत एकालाही ते कधी समजलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आज सेठला बरोबर लुटलं.

मग गल्लीतल्या बाकीच्या आल्या. नवऱ्याच्या खिशातून कार्डं काढून आणायच्या, पोरंबाळं घेऊन यायच्या. माझ्या अंगणात बायकांची पंगत बसायची. हसायच्या, नवऱ्यांच्या नकला करायच्या. “माह्यावाला काल एवढा हरला, का आज मले दोनदा वाढ!” असं एक जण म्हणाली, तर हसता हसता एकीला ठसका लागला. मला वाटायचं, मी काहीतरी मोठं काम करते आहे.

बन्सीसेठला ते कळलं तेव्हा मी नोकरीची आशा सोडली. तो मागच्या दारात येऊन उभा राहिला. बायकांनी पदर ओढले, ताटं खाली ठेवली. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

“काऊन थांबल्या?” तो म्हणाला. “जेवा, जेवा. सरूबाई, पोटभर वाढ त्याईले. गोड बी करत जाय कधी.”

मी थक्क झाले. माणूस वाईट नाही, असं मला वाटलं. हमीदभाई मात्र तिथेच सुपारी कातरत बसला होता. सेठ गेल्यावर तो हळूच म्हणाला, “सरूबाई, औरत का पेट भर गया तो आदमी को घर कौन बुलाएगा?”

मी म्हटलं, तुमचं काहीतरीच असतं हमीदभाई.

चौथी गोष्ट ती हीच, घरची आठवण. आधी कसं होतं? पुरुष उशिरापर्यंत बसला की बायको क्लबाच्या दारात येऊन ओरडायची, पोराला पाठवायची, कधी शिव्या द्यायची. त्यामुळे माणसं उठायची. आता कोणी येईना. आल्या तरी मागच्या दाराने. सेठचं मोठं टेबल भरलेलं असायचं, खालचंही भरलेलं. मला हे दिसत होतं. मी त्याला बरकत समजत होते.

त्या वर्षी कापूस बरा पिकला. मंदाला मेहकरकडचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत शिपाई, घरी थोडी शेती. मुलाच्या मामाने येऊन पाहणं केलं, पसंती कळवली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मुलीच्या घरी करायचं ठरलं. आमच्याकडे साक्षगंधाला येतील तेवढी माणसं जेवू घालावी लागतात आणि जेवण कसं होतं यावर पुढची पाच वर्षं बोललं जातं. रुख्मा माझ्याकडे आली, चुलीजवळ बसली.

“सरूबाई, एका पिवळ्या कार्डावर एक पान. मंग मूठभर कार्डं जमा झाले तं पंगत व्हाईल का व?”

तिच्या डोक्यात ही गोष्ट माझ्याच अंगणात जेवताना शिरली होती. तेव्हा मला तिला म्हणता आलं असतं, बाई, उसनं घे, घुगऱ्या वाट, काहीही कर, पण हे नको. मी काय म्हटलं? म्हटलं, “व्हाईल न! त्यात एक लाल असलं तं मी तूप टाकून शिरा करतो. भांडी बी इथलेच नेऊ.” मला स्वतःलाच ती कल्पना इतकी आवडली. सेठच्या पैशावर गरिबाच्या मुलीचं साक्षगंध! याच्यापेक्षा मोठी लूट कुठली?

दिगांबर तेव्हा बरेच दिवस क्लबात दिसला नव्हता. मुलीचं ठरतंय म्हणून त्याने हात आवरला होता. तो एका सकाळी आला. मी अंगणात पातोड्या कापत होते.

“दिगांबरभाऊ, तुम्ही तं सोडलं होतं न?”

तो पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला. “म्या सोडलं होतं,” तो म्हणाला. “मले घरून पाठवलं हाय.”

एवढं बोलून तो आत गेला. माझा हात थांबला नाही. पातोड्या वाळू देऊन चालत नाहीत.

तो रोज येऊ लागला. खालच्या टेबलावर भोकं हळूहळू पडतात. साक्षगंध तोंडावर आलं तेव्हा त्याला कोणीतरी सांगितलं की वरच्या, मोठ्या टेबलावर एका डावाला दोन भोकं. तो वरच्या टेबलावर बसला. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. पत्ते धरायची त्याची पद्धत कापड धरल्यासारखी होती, चिमटीत. समोर कार्डांचा गठ्ठा. दर भोकाला तो गठ्ठ्याकडे पाहायचा, पत्त्यांकडे नाही. असा माणूस हरणार हे मला माझ्या चुलीपासून कळत होतं.

बाजाराच्या दिवशी ऊन उतरत असताना दोन हमाल काहीतरी उचलून आत आणत होते. मागच्या ओसरीत, माझ्या पाण्याच्या रांजणाजवळ त्यांनी ते ठेवलं. शिवणयंत्र. वर रुख्माच्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला. अकोल्याकडच्या एका व्यापाऱ्याने ते जिंकलं होतं, दुसऱ्या दिवशी गाडीवर चढवून नेणार होता. खाली ठेवताना हमालाचा पाय लागला आणि खालची पायपट्टी आपोआप दोन-तीनदा हलली.

तेवढ्यात मागच्या दाराने रुख्मा आली. तिला कोणी काही सांगितलं नसावं. चेहरा उजळलेला होता. पदरात कार्डं. “झाले व भरून! लाल बी हाय,” ती म्हणाली आणि मग तिची नजर रांजणाकडे गेली. तिने तो लुगड्याचा तुकडा ओळखला. ती पुढे झाली. यंत्राजवळ गेली, झाकण सरळ केलं, एक बाजू लोंबत होती ती नीट केली. मग माझ्याकडे आली आणि कार्डं माझ्या ओटीत टाकली.

“पंगत तं व्हाईल ना?” तिने विचारलं.

मी तशीच बन्सीसेठकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गादीसमोर उभी राहिले. म्हटलं, सेठ, त्या माणसाचं यंत्र परत द्या, ते पूर्ण घर त्याच्यावर जगते. तो रागावला नाही. तो कधीच रागवायचा नाही.

“यंत्र माहं हाय का? ज्यानं जिंकलं त्याचं. मी माही नाल घेतली. अन् त्या बाईचे कार्डं भरले हायेत न? मंग जेवन दे. एक पान कमी पडू देऊ नको. माहा शब्द खरा असते, सरूबाई.” आणि वर त्याने तुपाचा डबा काढून दिला. “हे माह्याकडून, पोरीच्या साक्षगंधाले.”

मी डबा घेतला. फेकून मारायला पाहिजे होता असं आज लिहिणं सोपं आहे. मी तो घेतला आणि त्या तुपात शिरा केला.

साक्षगंधाला मी रुख्माच्या घरी मागच्या बाजूला चूल मांडली. पाहुणे आले. मुलाची आत्या घरात हिंडून म्हणाली, “शिवनकाम करनाऱ्याचं घर, अन् मशीन कुठी दिसत नाही?” रुख्मा म्हणाली, “दुरुस्तीले देल्ली.” दिगांबर दाराशी उभा होता, तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला.

पंगत बसली. मी रश्श्याचं भांडं घेऊन निघाले आणि पहिल्याच पानावर मुलाचा बाप. पाहते तर मारोतराव. कापसाच्या हंगामात आमच्याकडे येऊन राहणारा, लाल कार्डाचा मारोतराव. मंदाला पाहायला मामा आला होता, म्हणून हे आधी कोणालाच ठाऊक नव्हतं. दिगांबर खालच्या टेबलाचा, हा आतल्या खोलीचा, आणि दिगांबर वर बसला त्या दिवसांत हा आलाच नव्हता, त्यामुळे दोघांची गाठ कधी पडली नव्हती. मी पदर पुढे ओढून वाढलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पोळीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि त्याचं चावणं थांबलं.

मी भांडं धरून उभी. माझ्या मनात आलं, हा आता उठणार. जुगाऱ्याच्या घरची पोरगी नको म्हणणार. आत मंदा नवीन लुगडं नेसून बसलेली होती. रुख्मा दाराच्या फटीतून एकेका पानाकडे पाहत होती, कोणाला काय हवं-नको ते. तिचं सगळं त्या एका घासावर टेकलं होतं आणि तिला ते माहीतही नव्हतं.

पण मारोतराव बोलणार कसा? ही चव कुठली, हे सांगायचं तर आपण ती कुठे चाखली हेही सांगावं लागलं असतं. शेजारी त्याचा मेहुणा, पलीकडे भाऊबंद. त्याने घास गिळला. वाटी पुढे केली. “वाढा, बाई,” म्हणाला.

हात धुवायला तो मागे आला, तेव्हा मी त्याच्या हातावर पाणी घालत होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. मान वर न करता त्याने विचारलं, “हे जेवन किती कार्डाचं व?”

मी म्हटलं, “एका मशीनचं.”

तो बराच वेळ हात चोळत राहिला. तूप निघत नव्हतं. मग धोतराला हात पुसून आत गेला आणि लग्नाची तिथी पक्की करून टाकली. लग्न झालं, मंदा नांदली. मारोतराव आमच्या क्लबात पुन्हा आला नाही. बन्सीसेठ मला म्हणायचा, “लाल कार्डवाला गेला, तुहा रस्सा बिघडला का?” दुसऱ्या कुठल्या क्लबात तो बसत असेल, तर मला ठाऊक नाही.

इथे थांबले असते तर माझी लाज थोडी कमी झाली असती. पण पुढचं आहे. साक्षगंधाचं जेवण गल्लीत गाजलं. मशीनची गोष्ट लोक चार दिवसांत विसरले, शिऱ्याची आठवण राहिली. बायका मागच्या दाराने येऊन विचारू लागल्या, बारशाला किती कार्डं लागतील, जावई येऊन राह्यला त्याले किती. घरोघरी बायकाच नवऱ्यांना म्हणू लागल्या, घरी काऊन बसले, जा न, चार भोकं पाडून आना. बन्सीसेठने एक नवीन निळं कार्ड काढलं, पंगतीचं. त्याने मला गादीवर बोलावून विचारलं, पंगतीत काय काय ठेवायचं. मी सांगितलं. पातोडी, शिरा, भात, कढी. एकेक पदार्थ विचार करून सांगितला, कारण कोणी माझ्या स्वयंपाकाबद्दल विचारलं की मला बरं वाटायचं. मी तिथे आणखी काही हंगाम राहिले. सोडलं ते चार पैसे गाठीला लागल्यावर, खानावळ टाकायला. त्यात काही मोठेपणा नाही.

क्लबाला फसवता येतं असं ज्याला वाटतं, तो क्लबाचं सगळ्यांत पक्कं गिऱ्हाईक. सायकलवाला तसा, रुख्मा तशी, आणि मी तर पगार घेऊन तशी.

दिगांबर पुढे दुसऱ्याच्या दुकानात रोजाने बसायचा. रुख्मा घरी हाताने काज-बटन करायची, गोधड्या शिवायची. माझ्या मागच्या दाराला ती परत कधी आली नाही. खानावळ टाकल्यावर एकदा बाजारात मिरच्या घेताना भेटली. मी म्हटलं, रुख्माबाई, या न जेवायला. पैसे नका देऊ, घरच्यासारख्या या.

तिने मिरच्या पदरात बांधल्या. बोटांना सुईची भोकं दिसत होती.

“नाही व, सरूबाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तुह्याकडचं फुकट आमाले परवडत नाही.”